माहेरचं रडणं

बीड जिल्ह्यात हवापालटाला कोणी जात नाही. मीही गेले नव्हते, मी मयताला गेले होते. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय गं, कसं काय झालं सगळं तिकडे?" आणि ते मला उभ्या उभ्या सांगता येत नाही. म्हणून बसून लिहून काढते आहे.

मी चिपळूणची. आमचे हे मूळचे केज तालुक्यातले. वीज खात्याच्या नोकरीत कोकणात आले आणि इथलेच होऊन गेले. गावाकडचं घर, शेत सगळं केव्हाच विकून झालं. मागे राहिली ती एक मोठी बहीण, गयाबाई. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्काला वडवणीपासून आत, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका गावात दिलेली. माझे सासू-सासरे गेल्यावर अक्काचं माहेर म्हणजे चिपळूणचं आमचं घर. यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला हे गेले. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हा आता अक्काचं माहेर म्हणजे मी एकटी.

हे गेले तेव्हा मी रडले नाही. लोक आधी म्हणाले, धक्का बसलाय. मग म्हणाले, धीराची आहे. मग काही म्हणेनासे झाले, पण बघायचे. मला रडायचं नव्हतं असं नाही, रडू येतच नव्हतं. सकाळी उठायचं, चहा एकाचाच ठेवायचा, आणि त्यानंतर दिवसाचं करायचं काय ते समजायचं नाही. मरावंसं वाटत नव्हतं, पण जगण्यात काही राम उरलाय असंही वाटत नव्हतं.

अशीच एका पावसाळी दुपारी बसलेले असताना अक्काच्या मुलाचा, बालाजीचा फोन आला. "मामी, आई गेली," एवढं बोलला आणि फोन ठेवला. डोळ्यांना पाणी आलं नाही, तेव्हाही नाही. फोन चार्जिंगला लावला, दोन साड्या पिशवीत कोंबल्या, शेजारी किल्ली दिली आणि मिळेल ती पुण्याची एसटी पकडली. कुंभार्ली घाट चढताना कळलं, की फोन घरीच राहिलाय, भिंतीला लटकत. नंबर कोणाचा पाठ असायला हवा होता. हल्ली कोणाला असतात?

बीड

सकाळी बीडच्या स्टँडवर उतरले तेव्हा अंग आंबलं होतं. चहा घेतला. इकडचा चहा म्हणजे साखरेचा पाक, आमच्याकडे एवढ्या साखरेत शिरा होईल. पण अंगात ऊब आली हे खरं.

अक्का मागे एकदा म्हणाली होती, "मी मेल्यावर माहेरचं लुगडं तेवढं घाला माझ्यावर." अंत्यविधीला मी काही पोचणार नव्हते, तो झालाच असणार होता. निदान राख सावडायला तरी गाठावं, आणि लुगडं जिथे कुठे द्यायचं तिथे द्यावं, असं मनाशी धरून कापड दुकानात शिरले. दुकानदार नुकता गल्ल्याला हात जोडत होता.

"आहेराला का वापरायला?" त्यानं विचारलं.

"मयताला."

त्याचा चेहरा पडला. पहिल्याच गिऱ्हाईकाला मयत निघालं म्हटल्यावर कोणाचाही पडेल. पण माणूस भला. "बाई सवाष्ण हायत का?" असं हळूच विचारलं, नाही म्हटल्यावर गडद साड्यांचा गठ्ठा काढला. मी जांभळी घेतली, बारीक काठाची. अक्काच्या उजळ रंगाला शोभली असती, असं मनात आलं आणि मग आपण काय विचार करतोय याची लाज वाटली. निघताना "या परत" म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटून घेतलं.

वडवणीपर्यंत एसटी, पुढे काळीपिवळी जीप. यंदा या बाजूला पाऊस नको तितका झालेला. सोयाबीनच्या गंजी शेतात काळ्या पडल्या होत्या, त्यांचा कुबट वास जीपमध्येही येत होता. कापूस बोंडातच भिजून लोंबत होता. आमच्याकडे पाऊस पडला की सगळं हिरवं होतं, इथे तो पडून जमीन दमल्यासारखी दिसत होती. फक्त डोंगराच्या उतारावर सीताफळीची झाडं तेवढी जोमात होती.

जीपमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून एक बाई बसली होती. पदर डोक्यावर, कपाळ रिकामं. कुठं निघालात, कोणाकडं, सगळं विचारून झालं. कोंडाबाई तिचं नाव, अक्काच्याच गल्लीतली. लेकीच्या बाळंतपणाला केजला जाऊन राहिलेली, ती परत निघाली होती.

"गयाबाई गेल्या हो," मी सांगितलं.

"कोन गया? आमची गया?" आणि तिनं भर जीपमध्ये असा हेल काढला, की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. "आगं गयेऽ, मला टाकून कशी गं गेलीस! आत्ता गेलते तवा तर चटनी दिलतीस गं वाटीभर!" जीपमधल्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावले, ज्यांनी अक्काला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मी तिची नात्याची, आणि मीच कोरडी. मी पिशवी छातीशी धरून बाहेर बघत राहिले.

अक्काचं गाव

गल्लीच्या तोंडापासून कोंडाबाईनं पुन्हा सूर लावला. मी खाली मान घालून मागून चालत होते. सूर एकदम तुटला म्हणून वर पाहिलं. अक्काच्या घराच्या उंबऱ्यात, पाय लांब सोडून, डोक्याला फडकं गुंडाळून अक्का बसली होती आणि सीताफळ फोडत होती.

"आगं बया! गया!" कोंडाबाई किंचाळली आणि माझ्या मागे दडली.

"आली व्हय गं सुमन?" अक्का म्हणाली. "ये. पाय धू."

मी तिथेच ओसरीच्या पायरीवर बसले. आतून बालाजी धावत आला. चाळिशीचा बाप्या, पण पोरासारखा रडकुंडीला आलेला. "मामी, किती फोन लावले तुमाला! नुसती रिंग जातीय, उचलतच न्हाईत. म्हनलं तुमालाच काय झालं का काय!"

मग उलगडा झाला. अक्का अंगणात भाकरी खात बसली होती. कावळा भाकरीवर झेपावला आणि भाकरी सोडून तिच्या डोक्यावर बसला. "चांगला बसला की गं," अक्का सांगत होती, "नखं रुतली डोस्क्यात." या भागात समज असा, की डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण शिवून गेलं, माणूस फार दिवस काढत नाही. त्याला उतारा एकच. माहेरी निरोप धाडायचा, की बाई मेली. माहेरचं माणूस खरं समजून रडलं, की मरण त्या रडण्यात फिटून जातं. रडणं झालं की लगेच सांगायचं, जिवंत आहे, चिंता करू नका. पूर्वी त्यासाठी माणूस पाठवत, आता फोन करतात. बालाजीनं नेमानं घटकाभरानं दुसरा फोन केला होता. तो भिंतीला लटकलेल्या फोनवर वाजत राहिला, आणि मी घाटात.

मला इतका संताप आला, की कानशिलं तापली. "बालाजी, तुझ्या मामाला जाऊन वर्ष झालं नाही अजून. आणि तू मला फोन करून जिवंत माणूस मेलं म्हणून सांगतोस? मला काय झालं असेल याचा विचार केलास?"

त्यानं मान खाली घातली. "चुकलं, मामी. पर तिला माहेरचं दुसरं कोन हाय आता?"

मी पाय धुतले.

जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि मिरचीचा खरडा होता. आम्ही भातखाऊ माणसं, भाकरी गिळताना मी नेहमी पाण्याचा तांब्या जवळ ओढते, पण त्या दिवशी दोन कधी गेल्या कळलं नाही. अक्का समोर बसली होती. पिशवीतून डोकावणारी साडी तिनं तोवर ओढून काढली होती.

"ही कुनाला?"

मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"मला व्हय? मढ्यावर घालायला?" तिनं पदर उलगडून पाहिला, काठ बोटांनी चोळला. "रंग चांगला हाय की. मेल्यावर मला कुटं दिसला असता?" आणि ती हसली. मलाही ओठात हसू आलं. मग तिनं, जसं मीठ पुरेसं आहे का विचारावं तसं, विचारलं, "रडलीस ना गं?"

बालाजी माझ्याकडे बघत होता. मला खोटं बोलता आलं असतं. पण रात्रभराचा प्रवास, तो राग, आणि मुळात मला गोड बोलायची सवय नाही. "नाही," मी म्हटलं. "नाही आलं रडू."

अक्कानं हातातला घास ताटात ठेवला.

कोंडाबाई म्हणाली, "आगं मी रडले की जीपमदी! बख्खळ रडले!"

"तू काय माहेरची हाईस व्हय?" अक्का म्हणाली आणि उठून आत गेली.

"मामी," बालाजी कळवळून म्हणाला, "हो म्हनायचं की."

दुसऱ्या दिवसापासून अक्का अंगणात येईना. डोक्याचं फडकं सोडीना. समोरच्या लिंबाच्या झाडावर काहीही फडफडलं की दचकून वर बघायची. छातीत धडधडतंय म्हणायची. अर्धी भाकरी कशीबशी खाऊन ताट सरकवायची. मी आधी मनात हसले, मग मला हसू येईना. पंच्याहत्तरीच्या घरातलं शरीर, त्यात खाणं तुटलेलं. भीतीनंही माणूस जातं, त्याला कावळा लागत नाही. बालाजी मला गोठ्याकडे घेऊन गेला. "नुसतं रडल्यासारखं करा मामी, तिच्यासमोर. तिचं समाधान हुईल."

मी केलं तेही. उंबऱ्यात तिच्याजवळ बसून पदर डोळ्यांना लावला, नाक ओढलं. अक्का बघत राहिली.

"नाटकं नको करू सुमन," ती शांतपणे म्हणाली. "माझा भाऊ गेला तवा न्हाई रडलीस, आन् माझ्यासाठी काय रडतीस?"

ते लागलं. खरं होतं म्हणून जास्त लागलं. त्या संध्याकाळी मी ओसरीच्या कडेला बसून राहिले. समोर शेतात पाणी साचलेलं, आभाळ खाली उतरलेलं. आपल्यात काहीतरी कायमचं मोडलंय आणि ते आता सगळ्यांना दिसतंय, असं वाटत राहिलं. सकाळच्या गाडीनं निघून जावं असंही वाटलं. पण अक्काला तसं सोडून कुठं जाणार?

कपिलधार

मार्ग कोंडाबाईनंच काढला. रडणं नाही तर नाही, कपिलधारेला नेऊन धारेखाली धरा तिला, म्हणजे डोक्यावरचं धुऊन जाईल. हे शास्त्र तिला कुठून कळलं ते विचारण्यात अर्थ नव्हता. बालाजीनं कोणाची तरी जीप मागून आणली. अक्कानं ती जांभळी साडी नेसली. "माझ्या नावानंच आनलीय न्हवं?" म्हणाली.

बीड ओलांडून पुढे गेलं की सपाट मुलूख एकाएकी तुटतो आणि दरी लागते. पायऱ्या उतरत जायचं. खाली मंदिर, आणि कड्यावरून कोसळणारी धार. आमच्या कोकणात पावसाळ्यात गल्लीगणिक धबधबे, त्यांना कोणी विचारत नाही. इथे एक धार, तर माणसं तिला हात जोडतात. यंदाच्या पावसानं ती चांगली जाडजूड झाली होती. बाकी दिवस तसाच मळभट. ओल्या पायऱ्यांवर शेवाळ, प्रसादाच्या दुकानांवर प्लास्टिकचे कागद, आणि बोचरा वारा.

अक्काचे गुडघे गेलेले. तिला एकटीला धारेखाली उभं करणं शक्य नव्हतं, आणि बायकांच्या घोळक्यात बालाजी येईना. म्हणजे मीच. मी कपड्यांनिशी भिजायला गेले नव्हते. पण अक्कानं माझं मनगट असं धरलं होतं, की सोडवता येईना. दोघी एकदमच आत ओढल्या गेलो.

पाणी डोक्यावर आदळलं आणि माझा श्वासच अडकला. इतकं गार! कानात नुसता गडगडाट. क्षणभर मला काही आठवलं नाही. ना घर, ना एकाचा चहा, ना मी कोण ते. फक्त श्वास हवा होता, पुढचा श्वास. तो मिळाला तेव्हा तोंडातून ओरडाच निघाला. शेजारी अक्का लहान पोरीसारखी किंचाळत होती, "आई गंऽ! मेले मेले मेले!" आणि हसत होती.

नंतर एका टपरीच्या आडोशाला बसून चहा आणि गरम भजी खाल्ली. आमचे दात वाजत होते. मी अक्काला विचारलं, आणि खरंच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, "अक्का, एवढं काय आहे हो? दाजी गेले, भाऊ गेला, गुडघे गेले, पीक हे असं. कशासाठी जगायचंय एवढं?"

तिला प्रश्नच समजला नाही असं वाटलं. भजं तोंडात तसंच धरून ती विचार करत राहिली.

"शेळी गाभन हाय," ती म्हणाली. "एक देती का दोन, बघायचं हाय."

"बस?"

"आन् काय पायजे? सकाळी डोळा उगडतो न्हवं, तवा मला आदी वाटतं, आरं, हाय की आपुन. लई ग्वाड लागतंय बघ ते. रोजच लागतंय." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाली, "त्यालाबी लई हौस होती जगायची. माझ्या भावाला. त्याचं ऱ्हायलं."

मी मान वळवली. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात यांनी मला खिडकीचा पडदा सरकवायला लावला होता, रोज सकाळी. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पाण्याची टाकी आणि शेजारच्या इमारतीची मागची भिंत. ते त्याकडेच बघत पडायचे. मला तेव्हा त्याचा राग यायचा. पण डोळे कोरडेच राहिले, भज्यांच्या धुरातही.

धारेनं अक्काची भीती थोडी ओसरली, पूर्ण नाही. भाकरी आता पाऊण जाऊ लागली. फडकं मात्र डोक्यावरच.

वडवणी

निघायच्या दिवशी वडवणीचा बाजार होता. बालाजी आम्हा दोघींना घेऊन आला. चिखलात पालं ठोकलेली. मिरच्यांचे ढीग, गाडग्या-मडक्यांची रास, शेळ्या-बोकडांची बेबे, जिलबीच्या कढईचा वास. अक्कानं सीताफळांच्या एका टोपलीशी असा घोळ घातला, की ती बाई वैतागून म्हणाली, "ने बाई, ने, तुज्याच झाडाची हायत समज." डोळा उघडलेली, कडक, माशा बसलेली सीताफळं अक्का एकेक दाबून पारखत होती. तिच्या तोंडावरून नजर काढवत नव्हती.

बीडची गाडी लागली. मला खिडकीची जागा मिळाली. अक्का खाली उभी, सीताफळांची पिशवी खिडकीतून वर देत. "वरची आजच खा. खालची दोन दिस ठिव, आडीत घालायची न्हाईत, आपसुक पिकत्यात." गाडी सुरू झाली. मी म्हटलं, "या आता अक्का, सांभाळून."

ती गेली नाही. खिडकीच्या गजाला धरून गाडीबरोबर चार पावलं चालली, त्या गुडघ्यांनी, चिखलातून.

"सुमन, भाऊबीजेला ये. तो न्हाई तर तू ये. त्याच्या जागी तुला ओवाळते." आणि गज सोडता सोडता म्हणाली, "मी असले तर. नसले तर बालाजीच्या पोरीला सांगून ठिवते. ती ओवाळंल. पर तू ये."

मी असले तर. मला वाटलं ठसका लागला. तो ठसका नव्हता. तोंडातून असा आवाज निघाला, की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. डोळ्यांवाटे, नाकावाटे, सगळीकडून पाणी. सगळे महिने तुंबलेलं एकदम. हे, त्यांची खिडकी, ती पाण्याची टाकी, आणि चिखलात लहान होत चाललेली अक्का. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले आणि जीव खाऊन ओरडले, "अक्काऽ! रडले! बघा, रडतेय मी! अक्काऽ!"

तिला ऐकू आलं नाही. तिनं कानाला हात लावला. बालाजीला आलं. तो वाकून तिच्या कानात काहीतरी ओरडला. तशी अक्कानं डोक्याचं फडकं ओढून काढलं आणि दोन्ही हात वर करून, भर बाजारात, हलवत उभी राहिली. गाडी वळेपर्यंत मला ती दिसत होती.

कंडक्टर कधीचा शेजारी उभा होता. तरुण होता, अवघडला होता.

"मावशी, कोन वारलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. पदरानं तोंड पुसलं, पुन्हा ओलं झालं. "जिवंत आहे."

"मग रडता कावून? कोन जिवंत हाय?"

"आम्ही दोघी," मी म्हटलं, आणि बीडचं एक मागितलं.